खेळातील साक्ष आणि साक्षीदारांची वृत्ती : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकासंबंधी काही विचार

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९६७ साली झाला. तेव्हापासून या नाटकाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे, आणि त्या लेखनाचा एक सूर जवळजवळ कायम राहिला आहे. मध्यमवर्गीय सभ्यतेच्या मुखवट्यामागे दडलेले क्रौर्य या नाटकात उघडे पडते, असा तो सूर होय. अभिरूप न्यायालयाचा खेळ हे मुखवटे काढण्याचे केवळ एक निमित्त. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे आदी मंडळी मुळातच तशी होती आणि खेळाने ती तशी दिसली, एवढेच. हे मत चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या बुडाशी एक गृहीत आहे, आणि त्या गृहीताची तपासणी सहसा केली जात नाही. वृत्ती अगोदर असते व आचार तिच्यामागून येतो, हे ते गृहीत. मनात जे साठलेले असते तेच हातून घडते, असे मानण्याची सवय आपल्या नीतिविचाराला फार जुनी आहे. नाटकाच्या संहितेकडे बारकाईने पाहिले असता मात्र या क्रमाला छेद देणारी अनेक स्थळे तीत आढळतात. कित्येक ठिकाणी पात्र आधी बोलून जाते, आणि बोलल्यानंतर त्या बोलण्यास साजेशी वृत्ती त्याच्या ठिकाणी उत्पन्न होते.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. मुंबईतील एका हौशी संस्थेची मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली आहेत. प्रयोगातील आरोपी आहे अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आणि त्याच्यावरील आरोप आहे अण्वस्त्रनिर्मितीचा. मंडळींपैकी एक जण न आल्यामुळे सामंत नावाच्या स्थानिक गृहस्थाला साक्षीदार म्हणून उभे करावयाचे ठरते. त्याने न्यायालय कधी पाहिलेले नाही. त्याला रीत कळावी म्हणून एक लुटुपुटीचा खटला चालवावयाचा, आणि त्यासाठी लीला बेणारे हिला आरोपी करावयाचे, अशी ही योजना. ती आत गेलेली असताना हा बेत ठरतो व ती बाहेर येताच तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आरोपपत्रात उल्लेख आहे तो भारतीय दंडविधानाच्या ३०२व्या कलमाचा. १८६० चे ते दंडविधान १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाले. परंतु ते अमलात होते त्या संपूर्ण काळात ३०२वे कलम खुनाच्या शिक्षेचे होते, आणि गर्भपाताशी संबंधित गुन्ह्यांची कलमे ३१२ पासून पुढे होती. सुखात्मे हा व्यवसायाने वकील असूनही त्याला यात काही वावगे वाटत नाही. त्याची वकिली का चालत नाही, याचे एक उत्तर कदाचित येथेच मिळून जाते! विनोद बाजूस ठेवला तरी या तपशिलाचे महत्त्व उरतेच. आरोप विचारपूर्वक निवडलेला नाही. हाताला लागला तो उचललेला आहे. त्या क्षणी त्यामागे द्वेष असलाच तर तो पुसट आहे, हेतू तर नाहीच. तिसऱ्या अंकाच्या शेवटी मात्र हेच न्यायालय बेणारेच्या उदरातील गर्भ नष्ट झाला पाहिजे असा निर्णय देते. ज्या कृत्याचा आरोप ठेवला त्याच कृत्याचा आदेश द्यावयाचा, हा उपरोध सर्वांच्या लक्षात आलेला आहे. एका दुपारीत मंडळी पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न मात्र ‘ती तशीच होती’ या उत्तराने सुटत नाही.

या प्रश्नाची खरी कसोटी सामंत हे पात्र होय. पोंक्षे आणि कर्णिक यांना बेणारेविषयी अगोदरच काही माहिती आहे व तिच्यापाठीमागे ते सूचक बोलतातही. त्यांच्याबाबत पूर्वग्रह मानावयास जागा आहे. काशीकर दांपत्याच्या ठिकाणी अविवाहित, मोकळेपणाने वागणाऱ्या स्त्रीविषयी अढी असणे स्वाभाविक आहे. सामंताचे तसे नाही. त्याची आणि बेणारेची ओळख त्याच दिवसाची. तो भिडस्त, सरळ आणि पाहुण्यांची बडदास्त राखण्यात धन्यता मानणारा माणूस आहे. पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट हातात घेऊनच तो रंगमंचावर येतो. बेणारे त्याच्याशी जितक्या मोकळेपणाने बोलते तितकी ती नाटकात दुसऱ्या कोणाशी बोलत नाही. आणि तरीही तिला सर्वांत घातक ठरणारी साक्ष त्याचीच आहे. दामल्यांच्या खोलीच्या बंद दारामागून आपण काय ऐकले याचे जे वर्णन तो देतो, ते त्याने एका कादंबरीवरून रचलेले असते. त्याला कोणाचे वाईट करावयाचे नाही. आपल्यामुळे या शहरी मंडळींचा खेळ अडू नये, सोपवलेले काम नीट व्हावे, एवढीच त्याची इच्छा. मुखवट्याच्या उपपत्तीला सामंत सामावून घेता येत नाही, कारण त्याला मुखवटाच नाही.

सामंताचे उदाहरण समजून घेण्यास मानसशास्त्रातील एका विचारप्रवाहाचे साहाय्य होते. लिऑन फेस्टिंगर याने १९५७ साली बोधात्मक विसंवादाची उपपत्ती मांडली. माणसाची कृती आणि त्याची मते यांत विरोध आला म्हणजे त्याला अस्वस्थता वाटते. घडलेली कृती तर परत घेता येत नाही, म्हणून तो मत बदलतो, असे तिचे सार. १९५९ साली फेस्टिंगर व कार्लस्मिथ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अतिशय कंटाळवाणे काम करावयास लावले, आणि नंतर ‘काम मोठे मनोरंजक आहे’ असे दुसऱ्या व्यक्तीस सांगण्याबद्दल काहींना १ डॉलर तर काहींना २० डॉलर दिले. पुढे कामाविषयी खरे मत विचारले असता, ज्यांना १ डॉलर मिळाला होता त्यांनीच ते अधिक चांगले असल्याचे सांगितले. २० डॉलर घेणाऱ्याला खोटे बोलण्याचे कारण खिशातच सापडते. १ डॉलरवाल्याला ते कामातच शोधावे लागते.

या प्रयोगाच्या आधी, १९५८ मध्ये, जडसन मिल्स याने शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग तर प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे. बक्षिसाच्या स्पर्धेत मुलांना लबाडी करण्याचा मोह पडेल अशी व्यवस्था त्याने केली, आणि लबाडीविषयीची त्यांची मते स्पर्धेपूर्वी व नंतर अशी दोनदा नोंदविली. ज्यांनी लबाडी केली ती मुले लबाडीबाबत सौम्य झाली. ज्यांनी मोह टाळला ती पूर्वीपेक्षा कडक झाली. दोन्ही गट आरंभी फारसे दूर नव्हते. एका लहानशा कृतीने त्यांना दोन दिशांना नेले.

आता नाटकाकडे वळावे. बेणारेविरुद्ध साक्ष देऊन कोणाला काय मिळते? काहीही नाही. ना पैसा, ना बढती, ना सूड. चार घटकांची करमणूक हे एकच प्राप्य. येथे १ डॉलर आणि २० डॉलर यांतील भेद उपयोगी पडतो. पोंक्षे किंवा रोकडे यांना काही ठोस लाभ झाला असता, तर ‘लाभासाठी बोललो’ असे म्हणून ते आपल्या मनाशी हिशेब मिटवू शकले असते. लाभ नाही, म्हणून समर्थनाचा सगळा भार बेणारेवर येऊन पडतो. आपण एका बाईचे खाजगी जीवन चारचौघांत उघडे केले, त्याला कारण काय? तर ती बाई तशीच आहे, हे. खेळ जितका निरर्थक, तितका आरोपी अधिक दोषी असावा लागतो. नाटकाच्या तिसऱ्या अंकातील क्रौर्याची चढती भाजणी या रीतीने पाहिली म्हणजे तिच्यातील तर्क उमगतो.

काशीकराचे एक विधान येथे विशेष पाहण्यासारखे आहे. खटला बराच पुढे गेल्यावर तो बालविवाहाची प्रथा पुन्हा सुरू व्हावी असे मत देतो. समीक्षकांनी हे वाक्य त्याच्या प्रतिगामीपणाचा पुरावा म्हणून उद्धृत केले आहे. परंतु हे मत नाटकात येते केव्हा, हे पाहावे. खटल्याच्या आरंभी नव्हे, तर एका स्त्रीची यथेच्छ विटंबना करून झाल्यानंतर. स्वतःला समाजकार्यकर्ता समजणारा मनुष्य स्वतःच्या आचारासाठी एक सामाजिक सिद्धांत तयार करतो आहे. न्यायाधीशाच्या आसनावरून उतरून तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो तेही याच ओघात. पहिल्या अंकात रीत शिकविण्यासाठी खेळ मांडणारे लोक तिसऱ्या अंकात रीतीची मूलभूत अट मोडतात व ती मोडली याची कोणालाही खंत वाटत नाही. कारण तोपर्यंत त्या प्रत्येकाने स्वतःही काहीतरी मोडलेले असते.

एक आक्षेप येथे संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ‘हा खेळ आहे’ ही सबब सर्वांना सदैव उपलब्ध आहे. डेव्हिस व जोन्स यांच्या १९६० सालच्या प्रयोगात असे दिसून आले होते की, दुसऱ्यास अप्रिय बोलावयास आपखुशीने तयार झालेल्या व्यक्ती नंतर त्या दुसऱ्याविषयी वाईट मत बनवितात. परंतु ‘बोललो ते खरे नव्हते’ असे पुढे त्याला सांगता येईल अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांच्या मतात तसा बदल होत नाही. शब्द परत घेण्याची वाट मोकळी असेल तर मन बदलण्याची गरज उरत नाही. मग या मंडळींची मने का बदलावीत? ‘गंमत केली’ हे दोन शब्द पुरेसे होते.

या आक्षेपाला उत्तर नाटकाच्या रचनेतच आहे, आणि तेंडुलकरांचे खरे सामर्थ्य येथे दिसते. पहिल्या साक्षी थिल्लर आहेत. त्या कोणत्याही क्षणी परत घेता येतील. रोकडे दडपणाखाली दामल्यांच्या घरी बेणारेला पाहिल्याचे सांगतो तेव्हा प्रथमच खेळात न मावणारी एक गोष्ट खेळात येते. पाठोपाठ सामंताची कल्पित साक्ष येते, आणि बेणारेच्या प्रतिक्रियेमुळे त्या कल्पिताला सत्याचा वास येऊ लागतो. या क्षणापासून ‘गंमत केली’ असे म्हणणे म्हणजे ‘खरी गोष्ट गंमत म्हणून बोललो’ असे म्हणणे होय, आणि ही सबब पहिल्या अपराधापेक्षा वाईट आहे. परतीची वाट साक्षीदारांच्या नकळत बुजलेली असते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारे निघून जाऊ पाहते व दाराची कडी बाहेरून लागलेली आढळते. कोंडली गेली ती केवळ बेणारे, असे मानण्याचा प्रघात आहे. त्या कडीने बाकीच्यांनाही कोंडले, असे म्हणावयास हरकत नसावी. फरक इतकाच की त्यांना बाहेर पडण्याची इच्छा होत नाही.

भाषेच्या अंगाने विचार करता हे स्थित्यंतर अधिक स्पष्ट होते. जे. एल. ऑस्टिन याच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उक्तीच्या द्वारे कृती कशी होते याचे विवेचन आहे. न्यायाधीशाने ‘दोषी’ म्हणणे ही माहिती नव्हे, ती क्रिया आहे. रंगमंचावर नटाने उच्चारलेली अशी उक्ती मात्र पोकळ असते, असा अपवाद ऑस्टिनने नोंदविला. ‘शांतता!’मध्ये ही पोकळी दुहेरी आहे, कारण नटच नटांची भूमिका करतात. आणि तेंडुलकर दाखवितात ते हे की पोकळ उक्ती पोकळ राहत नाही. ती उच्चारणाऱ्याच्या अनुभवाने, असूयेने, अपयशाने हळूहळू भरत जाते. न चालणाऱ्या वकिलीचा सुखात्मे येथे प्रथमच खटला जिंकत असतो. इंटरला नापास झालेला पोंक्षे येथे विश्वासार्ह साक्षीदार ठरतो. काशीकरांच्या अन्नावर वाढलेल्या रोकडेचे बोलणे येथे लिहून घेण्याच्या योग्यतेचे होते. शब्द खोटे होते. त्यांतून मिळालेला अधिकार खोटा वाटेनासा होतो.

यात संबोधनाचा वाटा मोठा आहे. खटल्यापूर्वी बेणारे ही द्वितीय पुरुषी व्यक्ती आहे. तिला बोलता येते, तिची थट्टा करता येते, ती उलट थट्टा करते. आरोप ठेवताच ती ‘आरोपी’ होते, आणि ‘आरोपी’ हा शब्द मराठीत बहुधा तृतीय पुरुषातच वावरतो. समोर बसलेल्या माणसाविषयी तो तेथे नसल्याप्रमाणे बोलण्याची मुभा न्यायालयीन भाषा देते. ‘शांतता!’ या शीर्षकातील पहिल्या शब्दाचीही हीच जात. नाम असून तो आज्ञार्थाचे काम करतो, आणि आज्ञा करणारा व आज्ञा पाळणारा हे दोघेही त्यात व्याकरणदृष्ट्या अनुपस्थित आहेत.

मराठीला हे सोपे जाते, असेही म्हटले पाहिजे. ‘मी चूक केली’ हे वाक्य मराठी माणूस क्वचित उच्चारतो. ‘चूक झाली’, ‘हातून घडले’, ‘करावे लागले’ ही रूपे तोंडात सहज येतात. पहिल्या रूपात कर्ता लुप्त, दुसऱ्यात तो हातापुरता उरलेला, तिसऱ्यात त्याच्यावर कोणाची तरी सक्ती. शासकीय मराठीतील ‘करण्यात येत आहे’ हा प्रयोग तर या सर्वांवर कळस होय. त्यात कृती आहे, काळ आहे, कर्ता मात्र शोधूनही सापडत नाही. ही रूपे वापरणारा प्रत्येक जण लबाड असतो असा याचा अर्थ नव्हे. भाषेने ती दिली आहेत आणि त्यांचे निरुपद्रवी उपयोग शेकडो आहेत. परंतु वाईट कृतीनंतर मन ज्या समर्थनाच्या शोधात असते, त्याचा पहिला हप्ता व्याकरणच चुकते करते. न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला काशीकर निर्णय सुनावतो तो न्यायालयाच्या नावाने. गर्भ नष्ट व्हावा असे काशीकर नावाच्या अपत्यहीन गृहस्थाला वाटते, असे त्याला म्हणावे लागत नाही. त्याला ते तसे म्हणावे लागले असते तर कदाचित त्याचीही जीभ अडखळली असती.

उलट बेणारेचे पाहावे. खटला चालू असताना तिच्या वाट्याला आलेले मौन दीर्घ आहे. शेवटी तिला बोलण्यास दहा सेकंद दिले जातात, आणि त्या अवधीत सर्व पात्रे स्तब्ध असताना तिचे दीर्घ स्वगत येते. ते प्रेक्षक ऐकतात. न्यायालय ऐकत नाही. या स्वगताची भाषा भावविवश आहे, स्थळी स्थळी अलंकारिक आहे, व नाटकाच्या एकंदर बोलीशी ती विसंगत वाटते, ही टीका योग्यच आहे. तथापि कर्त्याच्या दृष्टीने त्या भाषेचा विशेष असा की तीत ‘मी’ आहे. अल्पवयात सख्ख्या मामाशी जडलेला संबंध, पुढे दामल्यांशी आलेला संबंध, जीव देण्याचा यत्न, यांतील एकाही गोष्टीचे कर्तेपण ती ‘झाले’ या क्रियापदावर ढकलत नाही. साऱ्या नाटकात स्वतःच्या आचाराचे कर्तृत्व स्वीकारणारी ती एकटीच आहे, आणि दोषी ठरते तीही ती एकटीच.

स्विस नाटककार फ्रीडरिख ड्युरेनमॅट याची ‘डी पाने’ ही १९५६ सालची कथा या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. तेथेही अभिरूप न्यायालय आहे. निवृत्त न्यायाधीश व वकील, मोटार बिघडल्यामुळे मुक्कामाला राहिलेला ट्राप्स नावाचा प्रवासी, आणि खेळाखेळात उभा राहिलेला खुनाचा आरोप. परंतु तेथे खेळाचा परिणाम आरोपीवर होतो. ट्राप्सला आपण एक थोर अपराधी आहोत ही कल्पना आवडू लागते आणि अखेर तो स्वतःस गळफास लावून घेतो. तेंडुलकरांच्या नाटकात परिणामाची दिशा उलटी आहे. बदलतात ते आरोप करणारे. साम्य दाखवून थांबणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतला असता, तर दोन्ही कृतींना अधिक न्याय मिळाला असता.

मानसशास्त्रातील उपपत्तींना नाटकाच्या गळ्यात बांधताना सावधगिरी हवी. फेस्टिंगरच्या मांडणीला डॅरिल बेम याने १९६७ साली, म्हणजे या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या वर्षीच, पर्याय सुचविला. आतील अस्वस्थतेची गरज नाही. माणूस स्वतःची कृती त्रयस्थासारखी पाहतो व तीवरून स्वतःची मते अनुमानतो, असे बेमचे म्हणणे. २०२४ साली तर अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या मोठ्या पडताळणीत, स्वतःच्या मताविरुद्ध लिहावयास लावलेल्या व्यक्तींची मते सरकली खरी, परंतु लिहिणे ऐच्छिक होते की लादलेले, याने अपेक्षेप्रमाणे फरक पडला नाही. विसंवादाच्या उपपत्तीला हा धक्काच आहे. नाटकाच्या वाचनाला मात्र तो तितकासा बाधत नाही. सामंताने साक्ष राजीखुशीने दिली की भिडेखातर, हे सांगणे कठीण आहे. बोलल्याने तो बदलतो, एवढेच संहिता दाखविते. अस्वस्थतेपेक्षा बेमची उपपत्ती त्याला अधिक लागू पडते. तो स्वतःचा आवाज ऐकतो, सभोवारची वाहवा ऐकतो, आणि आपण काही महत्त्वाचे सांगितले असले पाहिजे असे त्याला वाटू लागते.

जेथे हे वाचन अपुरे पडते ती जागाही दाखविली पाहिजे. तिसऱ्या अंकात पोंक्षे व कर्णिक यांच्याकडून जी माहिती बाहेर येते ती त्यांना खेळापूर्वीच ठाऊक होती. टिक-ट्वेंटीच्या बाटलीचा उल्लेख, बेणारेच्या पूर्वायुष्यातील प्रकरण, ही सर्व सामग्री ते खिशात घेऊनच आलेले आहेत. अशा प्रसंगी नाटक बदलाचे न राहता गौप्यस्फोटाचे होते, आणि रचनेचा दर्जा किंचित उतरतो. एकामागून एक रहस्ये सोडविण्याचा हा प्रकार बेतीव वाटतो. सामंत आणि रोकडे यांच्या साक्षींत जी अनिश्चितता होती, ती येथे नाही. तेंडुलकरांना दोन्ही गोष्टी हव्या होत्या, मनात लपलेले उघडे करणे आणि नसलेले निर्माण करणे. आणि दोहोंचा सांधा तिसऱ्या अंकात पूर्णपणे जुळला आहे असे म्हणता येत नाही.

दामल्यांचे काय, हा प्रश्न उरतो. ते प्रयोगाला आलेले नाहीत. खेळात आरोपीचा वकील तेच व्हावयाचे. त्यांच्या अनुपस्थितीत सुखात्मे जागा बदलून दोन्ही बाजू चालवितो, आणि आरोपीची बाजू त्याच्या तोंडून काय निघते ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या आचारामुळे खटल्यातील एकमेव खरी वस्तुस्थिती निर्माण झाली, त्या गृहस्थांविषयी एकाही साक्षीदाराचे मत नाटकाच्या शेवटी बदललेले नसते. त्यांचे नाव निघते, ते आदरार्थीच राहते. ज्याला दुखविले त्याच्याविषयीच मत वाईट करून घेण्याची गरज भासते, दामल्यांना तर कोणीच दुखविलेले नसते.

गावकरी येतात, कडी निघते, आणि मंडळी क्षणात पूर्ववत् होतात. बेणारेची समजूत घालताना सर्वांच्या तोंडी एकच मुद्दा येतो : खेळ होता. मघाशी बुजलेली परतीची वाट पुन्हा खुली झाली, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती प्रामाणिक आहे. एकट्या सामंताला ते जमत नाही. तो काही बोलत नाही. पुतण्यासाठी आणलेला पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.